वरचा दगड आणि खालची ऊब : भूकवचातल्या किरणोत्सर्गी उष्णतेचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय एका साध्या प्रश्नाभोवती फिरतो. खंडांच्या कवचात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम ही उष्णता निर्माण करणारी मूलद्रव्यं आहेत, हे आपण शाळेत कधीतरी वाचलेलं असतं. पण ती वरपासून खालपर्यंत कशी वाटली गेली आहेत? वर जास्त, खाली कमी? की सगळीकडे सारखी? आणि जमिनीवर उभं राहून, वरचा दगड हातात घेऊन, तीस-चाळीस किलोमीटर खालचं आपल्याला काय सांगता येतं?

आधी जमिनीखाली थोडं जाऊ. खाली गेलं की तापतं, हे खाणकामगाराला सांगावं लागत नाही. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून जास्त खोल गेल्या होत्या, आणि तळाशी खडकाचं तापमान पासष्ट अंश सेल्सिअसच्या आसपास होतं. हवा थंड करून आत सोडल्याशिवाय तिथे माणूस उभा राहू शकत नव्हता. स्वित्झर्लंड आणि इटली जोडणारा सिम्प्लॉनचा बोगदा १९०६ साली सुरू झाला. तो खोदताना डोंगराखाली दोन किलोमीटरवरच खडक पंचावन्न अंशांपर्यंत तापलेला निघाला. अभियंत्यांचा अंदाज यापेक्षा बराच कमी होता.

म्हणजे खालून वर उष्णता येते, हे नक्की. ती कुठून येते, यावर एकोणिसाव्या शतकाचं उत्तर ठरलेलं होतं : पृथ्वी एकेकाळी तापून लाल होती, आता ती निवते आहे. चुलीवरून उतरवलेला तवा जसा निवतो, तसं. १८६२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी याच कल्पनेवरून पृथ्वीचं वय काढलं. खाली जाताना दर पन्नास फुटांमागे साधारण एक अंश फॅरनहाइट तापमान वाढतं, खडक उष्णता किती सहज वाहून नेतो तेही मोजता येतं, मग निवायला किती काळ लागला हे गणिताने निघतं. त्यांचं उत्तर आलं सुमारे ९.८ कोटी वर्षं. अनिश्चितता धरून त्यांनी दोन कोटी ते चाळीस कोटी अशी मोठी मर्यादा दिली, आणि उतारवयात ती आणखी आकसून दोन ते चार कोटींवर आणली. भूशास्त्रज्ञांना आणि डार्विनच्या अनुयायांना एवढा काळ पुरत नव्हता. पण केल्विन यांच्या गणितात चूक सापडत नव्हती.

गणितात चूक नव्हतीच. चूक गृहीतकात होती, आणि तीही दोन ठिकाणी. हे दोन्ही मुद्दे आपण नीट वेगळे ठेवू, कारण लोकप्रिय पुस्तकांत त्यांची सरमिसळ झालेली दिसते.

पहिला मुद्दा किरणोत्सर्गाचा. १८९६ मध्ये बेकेरेल यांना युरेनियमच्या क्षारांतून निघणारे किरण सापडले. १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्यूरी यांनी रेडियम शोधलं. आणि १९०३ मध्ये पिएर क्यूरी आणि आल्बेर लाबोर्द यांनी मोजून दाखवलं की रेडियम सतत उष्णता सोडत असतं. एका तासात ते स्वतःच्या वजनापेक्षा जास्त बर्फ वितळवू शकेल इतकी. म्हणजे दगडाच्या पोटातच विस्तव निघाला. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रदरफर्ड यांनी या विषयावर भाषण दिलं, तेव्हा समोर वृद्ध केल्विन बसलेले होते. रदरफर्ड नंतर तो किस्सा रंगवून सांगत. केल्विन यांनी पृथ्वीच्या वयाला घातलेली मर्यादा ही ‘उष्णतेचा नवा स्रोत सापडला नाही तर’ या अटीवर होती, असं म्हणून त्यांनी त्या दिवशी स्वतःची सुटका करून घेतली.

दुसरा मुद्दा त्याआधीचा आहे आणि कमी लोकांना माहीत आहे. १८९५ मध्ये केल्विन यांचेच जुने साहाय्यक जॉन पेरी यांनी म्हटलं की पृथ्वीच्या आतला भाग घट्ट दगडासारखा फक्त वहनाने उष्णता देत असेल, असं का धरायचं? आत पदार्थ हळूहळू ढवळला जात असेल, तर खोलवरची उष्णता वर येत राहील आणि पृष्ठभागाजवळचं तापमान लाखो वर्षांऐवजी अब्जावधी वर्षं तसंच टिकेल.

आता गंमत बघा. ‘किरणोत्सर्ग सापडला आणि केल्विन हरले’ असं आपण सर्रास म्हणतो. पण किरणोत्सर्गी उष्णता जर मुख्यतः वरच्या कवचातच असेल, तर ती केल्विन यांच्या गणितात घालून उत्तर फार तर काही पटींनी वाढतं. साडेचार अब्ज वर्षं काही होत नाही. खरा फरक पेरी यांच्या मुद्द्याने पडतो. म्हणजे किरणोत्सर्गी मूलद्रव्यं किती खोलीपर्यंत आहेत, हा प्रश्न पृथ्वीच्या वयाच्या वादाच्या अगदी मुळाशी आहे. तो प्रश्न सर्वांत आधी नीट विचारला तो रॉबर्ट जॉन स्ट्रट यांनी.

स्ट्रट हे प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचे चिरंजीव. त्यांनी निरनिराळे अग्निजन्य खडक गोळा केले, त्यांची पूड विरघळवली, त्यातून निघणारा किरणोत्सर्गी वायू, ज्याला आज आपण रेडॉन म्हणतो, जमा केला, आणि सोन्याच्या वर्खाचा विद्युतदर्शक किती वेगाने मिटतो ते पाहून रेडियम किती आहे हे ठरवलं. १९०६ मध्ये त्यांचा निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, रेडियम सगळ्याच अग्निजन्य खडकांत आहे. ग्रॅनाइटमध्ये सर्वांत जास्त, बेसाल्टसारख्या गडद खडकांत कमी. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आहे ते रेडियम अपुरं नव्हतं, उलट ते फारच जास्त होतं.

ते कसं, हे आजच्या आकड्यांनी करून बघू. खंडांवर जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला ६५ मिलिवॅटच्या आसपास आहे. एका चौरस मीटरच्या उष्णतेवर साधा दिवाही लागणार नाही. आता साधारण ग्रॅनाइट घ्या. त्याच्या एका घनमीटरमधून सुमारे अडीच मायक्रोवॅट उष्णता निघते. हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण ग्रॅनाइटचा एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच ठोकळा घेतला तर तीच उष्णता अडीच किलोवॅट होते; घरातल्या गीझरपेक्षा थोडी जास्तच, आणि हा गीझर कधी बंद होत नाही. आता भागाकार करा. ६५ मिलिवॅटसाठी किती जाडीचा ग्रॅनाइट लागेल? २६ किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या आहे ६,३७१ किलोमीटर. सगळी पृथ्वी ग्रॅनाइटसारखी असती, तर ती आतापर्यंत कधीच वितळून गेली असती.

स्ट्रट यांनी आपल्या आकड्यांनी हाच हिशेब केला आणि निष्कर्ष काढला की रेडियम असलेला थर सुमारे ४५ मैलांपेक्षा, म्हणजे साधारण ७० किलोमीटरपेक्षा, जाड असू शकत नाही. त्याखाली वेगळा, जवळजवळ निष्क्रिय पदार्थ असला पाहिजे. लोखंडी उल्कांमध्ये त्यांना रेडियम जवळजवळ सापडलंच नाही, तेही याला जुळणारं होतं. एक खड्डाही न खणता, फक्त वरचे दगड आणि बाहेर पडणारी उष्णता यांच्या वजाबाकीतून या माणसाने सांगितलं की उष्णतेचा साठा वर आहे, खाली नाही. मोहोरोविचिच यांना भूकंपलहरींवरून कवचाचा तळ सापडला तो यानंतर तीन वर्षांनी, १९०९ मध्ये.

त्याच काळात डब्लिनचे जॉन जॉली यांनी सिम्प्लॉन बोगद्यातल्या खडकांमधलं रेडियम मोजलं, बोगद्यातली अनपेक्षित उष्णता त्याच्याशी जोडली, आणि १९०९ मध्ये किरणोत्सर्ग आणि भूशास्त्र या विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं. स्ट्रट यांचा लंडनमधला विद्यार्थी आर्थर होम्स. खडकांची वयं शिशावरून काढणारा तोच हा तरुण. त्याने १९१५-१६ मध्ये पृथ्वीच्या औष्णिक इतिहासाचे हिशेब मांडले, त्यातही खोलीबरोबर किरणोत्सर्ग घटत जातो हे धरलेलं होतं. पुढे याच होम्सने म्हटलं की खाली उरलेली थोडी उष्णतासुद्धा प्रावरण ढवळायला पुरेशी आहे, आणि त्या ढवळण्याने खंड सरकत असतील. पेरी आणि स्ट्रट यांचे धागे इथे एकत्र आले.

पण एक अडचण राहिली होती. ‘वर आहे, खाली नाही’ हे ठीक. नेमकं कसं घटतं? थराच्या तळाशी एकदम संपतं, की हळूहळू विरत जातं? याला पुढे पन्नास वर्षं उत्तर नव्हतं, कारण मोजमापंच नव्हती. जमिनीतून बाहेर येणारी उष्णता नीट मोजणं १९३९ साली सुरू झालं. दक्षिण आफ्रिकेत एडवर्ड बुलर्ड आणि ब्रिटनमध्ये बेनफील्ड यांनी. खडकातलं युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम हे तिन्ही एकाच नमुन्यात गॅमा किरणांवरून मोजण्याची सोय युद्धानंतरच्या काळात आली. उष्णतेचा हिशेब या तिघांचाच असतो. बाकीची किरणोत्सर्गी मूलद्रव्यं एक तर फार थोडी आहेत किंवा कधीच संपून गेली आहेत. या तिघांची अर्धायुष्यं अब्जांत आहेत, म्हणून ती अजून शिल्लक आहेत : युरेनियम-२३८ चं साधारण साडेचार अब्ज वर्षं, थोरियमचं १४ अब्ज, किरणोत्सर्गी पोटॅशियमचं सव्वा अब्ज.

मग १९६८ उजाडलं. हार्वर्डचे फ्रान्सिस बर्च आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट रॉय, डेव्हिड ब्लॅकवेल, एडवर्ड डेकर यांनी अमेरिकेतल्या ग्रॅनाइटी प्रदेशांत एक सरळ प्रयोग केला. जिथे उष्णताप्रवाह मोजला, त्याच ठिकाणच्या खडकाची उष्णतानिर्मितीही मोजली, आणि दोन्ही आकडे आलेखावर मांडले. बिंदू एका सरळ रेषेवर आले! दगड जितका किरणोत्सर्गी, तितका उष्णताप्रवाह जास्त, आणि अगदी प्रमाणात. प्रत्येक मोठ्या भूप्रदेशाची रेषा वेगळी. पूर्व अमेरिकेत किरणोत्सर्ग शून्य धरला तरी उरतात सुमारे ३३ मिलिवॅट. ते खालून, कवचाच्या खोल भागातून आणि प्रावरणातून, येतात असं मानलं गेलं. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात हा उरलेला भाग सुमारे १७ इतकाच. आणि रेषेचा चढ? त्याचं एकक निघतं लांबीचं, किलोमीटरचं. पूर्व अमेरिकेत साडेसात, सिएरा नेवाडात दहा. म्हणजे जणू कवचाच्या वरच्या सात ते दहा किलोमीटरांतच सगळा साठा आहे, आणि तो वरच्या दगडासारखाच आहे.

इथे अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणातले आर्थर लाकेनब्रुक यांनी एक शंका काढली. शंका कशी काढावी याचा हा उत्तम नमुना आहे, म्हणून आपण तिच्यापाशी थोडं थांबू.

समजा साठा खरोखरच दहा किलोमीटर जाडीच्या थरात सारखा पसरला होता. पण हे प्रदेश कोट्यवधी वर्षं उन्हापावसात झिजलेत. एका ठिकाणी वरचे तीन किलोमीटर वाहून गेले, दुसऱ्या ठिकाणी आठ. मग पहिल्या ठिकाणी थर उरला सात किलोमीटरचा, दुसऱ्या ठिकाणी दोनचा. वरचा दगड दोन्हीकडे सारखाच दिसेल, पण खाली उरलेला साठा वेगळा. बिंदू एका रेषेवर येणारच नाहीत, विस्कटतील. मग ते एका रेषेवर का आले?

लाकेनब्रुक यांनी दाखवलं की झीज कितीही कमीजास्त झाली तरी रेषा टिकेल, असा साठ्याचा एकच आकार आहे : घातांकी घट. म्हणजे ठरावीक खोलीमागे ठरावीक पटीने कमी होत जाणं. खूणखोली दहा किलोमीटर असेल, तर दहा किलोमीटरवर पृष्ठभागाच्या ३७ टक्के, वीसवर १४ टक्के, तीसवर ५ टक्के. या वक्राचा गुण असा की तो वरून कुठेही कापा, उरलेला तुकडा मूळ वक्राचीच लहान प्रत असतो. वरचा दगड जितक्या पटीने कमी किरणोत्सर्गी, खालचा एकूण साठाही तितक्याच पटीने कमी. म्हणून रेषा मोडत नाही.

हा युक्तिवाद इतका देखणा होता की पुढची पंधरा-वीस वर्षं घातांकी वक्र पाठ्यपुस्तकांत बसला. रसायनशास्त्रही साथीला होतं. युरेनियम आणि थोरियमचे अणू मोठे आणि जास्त विद्युतभाराचे, पोटॅशियमचाही अणू मोठा. प्रावरणातल्या ऑलिव्हिन, पायरॉक्सीन या खनिजांच्या घट्ट जाळीत त्यांना जागा नसते. खडक थोडा वितळायला लागला की हे आधी रसात उतरतात, आणि हलका रस वर चढतो. शिवाय उष्ण पाणी युरेनियमला विरघळवून वर घेऊन जातं. नॉर्वेचे भूरसायनशास्त्रज्ञ क्नुट हायर आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात दाखवलं होतं की खोल कवचात तापून-दाबून तयार झालेले ग्रॅन्युलाइट जातीचे खडक या मूलद्रव्यांत बरेचदा दरिद्री असतात. आपल्या निलगिरी-सेलम पट्ट्यातला चार्नोकाइट याच कुळातला. कलकत्त्याच्या जॉब चार्नॉकच्या थडग्यावरच्या शिळेवरून त्याला हे नाव मिळालं. तिथल्या कित्येक खडकांची उष्णतानिर्मिती ग्रॅनाइटच्या दहाव्या भागाइतकीच आहे.

मग पुरावा हवा होता तो प्रत्यक्ष खाली जाऊन पाहण्याचा. त्याचे दोन मार्ग होते. पहिला, निसर्गानेच कवच आडवं करून ठेवलंय अशी जागा शोधायची. दक्षिण आफ्रिकेत व्रेडफोर्ट इथे सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी प्रचंड अशनी आदळला आणि खालचे थर उचलले जाऊन तिरपे-उभे झाले. तिथे कडेकडून मध्याकडे चालत गेलं की आपण जणू खोल उतरत जातो. १९८१ मध्ये निकोलायसेन, हार्ट आणि गेल यांनी तिथली मोजमापं प्रसिद्ध केली. मध्याकडे जाताना मूलद्रव्यं घटत जात होती. वक्राला हा मोठा आधार वाटला.

दुसरा मार्ग म्हणजे सरळ भोक पाडायचं. सोव्हिएत संघाने कोला द्वीपकल्पावर १९७० मध्ये वेधन सुरू केलं आणि १९८९ मध्ये ते १२,२६२ मीटरला पोचलं. तळाशी अपेक्षा होती शंभर अंशांची, निघाले सुमारे १८०. आणि किरणोत्सर्गाचं काय? वरच्या काही किलोमीटरांत जुने ज्वालामुखी आणि गाळाचे खडक होते. त्यांची उष्णतानिर्मिती घनमीटरमागे सुमारे ०.४ मायक्रोवॅट. त्याखाली, आणखी जुना नाइस खडक लागला, त्याची सुमारे दीड. म्हणजे खोलीबरोबर उष्णतानिर्मिती घटली नाही, जवळजवळ चौपट वाढली. जर्मनीत बव्हेरियामध्ये १९९० ते १९९४ दरम्यान ९,१०१ मीटरचं वेधन झालं. तळाशी तापमान होतं सुमारे २६५ अंश. तिथेही आकडे खोलीप्रमाणे उतरत गेले नाहीत. नाइस आला की वाढायचे, गडद रूपांतरित खडक आला की पडायचे. कॅनडातल्या कापुस्कासिंगलाही कवचाचा खोल छेद जमिनीवर आलेला आहे. तिथेही सुबक वक्र मिळाला नाही.

मग १९६८ची सरळ रेषा खोटी होती का? नाही. मोजमापं खरी होती. त्यांचा अर्थ वेगळा निघाला. १९८३ मध्ये फ्रान्सचे क्लोद जोपार यांनी दाखवलं की उष्णता फक्त वर जात नाही, आडवीही पसरते. ग्रॅनाइटचा एखादा तापट ठोकळा आणि शेजारचा थंड ठोकळा यांच्यातला फरक काही किलोमीटरांत मिसळून जातो. या मिसळण्यामुळेच सात-दहा किलोमीटरची खूणखोली आपोआप निघते. खाली प्रत्यक्षात काय आहे याच्याशी तिचा थेट संबंध नसतो. रेषा आपल्याला पसरण्याचा पल्ला सांगत होती, आपण ती साठ्याची जाडी समजलो.

ग्रॅन्युलाइटचीही एक बाजू राहिली होती. खोल गेलेला प्रत्येक खडक दरिद्री होतोच असं नाही. केरळच्या किनाऱ्यावरची काळी वाळू सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यातल्या मोनाझाइटमध्ये थोरियम आहे आणि आपल्या अणुकार्यक्रमाच्या दूरच्या आशा त्याच्यावर आहेत. ही वाळू आली कुठून? मागच्या डोंगरांतून, आणि ते डोंगर खोल कवचात तापून आलेल्या खोंडालाइट-चार्नोकाइट खडकांचे आहेत. तिथे थोरियम उडून गेलं नाही, कारण मोनाझाइटने ते धरून ठेवलं. उत्तरेला निलगिरीत दरिद्री, दक्षिणेला श्रीमंत, आणि दोन्ही एकाच जातीच्या प्रवासातून आलेले. मूळ खडक कोणता होता आणि कोणत्या खनिजाने काय धरून ठेवलं, यावर सगळं अवलंबून.

आता कोणी विचारेल, की वक्र असो वा नसो, आपल्याला काय फरक पडतो? फरक पडतो, आणि तो आकड्यांत दाखवता येतो. एक चाळीस किलोमीटर जाडीचं कवच घेऊ. पृष्ठभागावर उष्णताप्रवाह ६० मिलिवॅट. खडकाची उष्णतावाहकता नेहमीची. आता साठा तीन प्रकारे ठेवू. पहिला प्रकार : कवचात किरणोत्सर्ग नाहीच, सगळी उष्णता खालून येते. कवचाच्या तळाशी तापमान येतं हजार अंशांच्या जवळ. दुसरा : साठपैकी ३५ मिलिवॅट कवचात तयार होतात, पण सगळ्या जाडीत सारख्या पसरलेल्या. तळाशी येतात सुमारे ७०० अंश. पाणी असलं तर ग्रॅनाइट वितळायला लागतो त्याच्या आसपास. तिसरा : तेच ३५ मिलिवॅट वरच्या दहा किलोमीटरांत. तळाशी ५०० अंशांच्या आत. पृष्ठभागावरून बघणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतील, तोच उष्णताप्रवाह, तोच आकडा. पण एका ठिकाणी कवचाचा तळ मऊ आणि वितळता, दुसऱ्या ठिकाणी टणक. खंड अब्जावधी वर्षं टिकून राहिले, याचं एक कारण हेच, की त्यांनी आपला विस्तव वर, हवेशीर जागी ठेवला. राख होऊ न देता उष्णता बाहेर सोडली.

आणि हे फक्त पुरातन काळाचं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसं घरांच्या दगडांखाली गेली. जुना, थंड, स्थिर म्हणून ओळखला जाणारा हा भूभाग. खडक कुठपर्यंत ठिसूळ राहतो, म्हणजे कुठपर्यंत तुटू शकतो आणि कुठून पुढे नुसता वाकतो, हे मुख्यतः तापमानावर ठरतं. म्हणून खालचं तापमान किती, हा प्रश्न तिथे माणसांच्या जिवाशी जोडलेला आहे. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटरचं वेधन केलं. ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला, पातळसा गाळाचा थर लागला आणि खाली जुना ग्रॅनाइटी पाया. उष्णताप्रवाह निघाला चाळिशीच्या आसपास, जुन्या ढालप्रदेशाला शोभेल असाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची ऊब कधीच निघून गेलेली होती.

कोयनेलाही, १९६७ च्या भूकंपानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, तीन किलोमीटरचं प्रायोगिक वेधन झालं. तिथे सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट आणि त्याखाली ग्रॅनाइटी पाया. आता स्ट्रट यांचं पहिलंच निरीक्षण आठवा : बेसाल्टमध्ये कमी, ग्रॅनाइटमध्ये जास्त. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या बहुतेक भागात, पायाखालच्या पहिल्या एक-दीड किलोमीटरांत, खोलीबरोबर उष्णतानिर्मिती वाढते. पाठ्यपुस्तकातल्या वक्राच्या अगदी उलट. सह्याद्रीचा काळा दगड हातात घेऊन त्यावरून घातांकी वक्र खाली काढत गेलो असतो, तर आपला हिशेब पहिल्याच किलोमीटरला चुकला असता.

मग या सव्वाशे वर्षांतून उरलं काय? स्ट्रट यांची वजाबाकी उरली, ती कोणी हलवू शकलं नाही. वरचं कवच घनमीटरमागे सरासरी दीड मायक्रोवॅटच्या थोडं वर, मधलं एकच्या आसपास, खालचं ०.२ च्या जवळपास. आज जगभरच्या खडकांवरून काढलेला अंदाज हाच आहे. सरासरीने साठा वर आहे, हे खरं. पण कुठल्याही एका जागी तो गुळगुळीत वक्राने उतरत नाही. तिथल्या खडकांच्या इतिहासाप्रमाणे पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो-उतरतो. सरासरी ही खंडाची असते. विहीर खणणाऱ्याला, भूकंपाचा अभ्यास करणाऱ्याला, औष्णिक ऊर्जेसाठी वेधन करणाऱ्याला आपल्या जागेचा खडक लागतो.

केल्विन यांचं गणित बरोबर होतं आणि गृहीतक चुकलं. लाकेनब्रुक यांचं गणितही बरोबर होतं. झिजूनही रेषा टिकते, मग साठ्याचा आकार असाच असला पाहिजे, इथपर्यंत बिनचूक; फक्त रेषा तयार व्हायला दुसरंही कारण असू शकतं, हे नंतर कळलं. सुंदर उत्तर मिळालं की आपण दुसरं कारण शोधायचं थांबतो. ती सवय विज्ञानात महाग पडते, आणि ती मोडायला शेवटी कोणीतरी बारा किलोमीटर खाली जाऊन दगड वर आणावा लागतो.

इथे थांबू. प्रश्न असतील तर आता घेऊ.